चालत्या घराचा ओटा

‘द लाँग, लाँग ट्रेलर’ हा १९५४ सालचा विनोदी चित्रपट मी आईसोबत पाहिला. आई-बाबा त्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले होते. चित्रपटात एक नवविवाहित जोडपं मोटारीमागे लांबलचक ट्रेलर जोडून प्रवासाला निघतं. एका प्रसंगात नवरा पुढे मोटार चालवतोय आणि बायको मागे, धावत्या ट्रेलरमध्ये, रात्रीचा स्वयंपाक करतेय. वळण आलं की भांडी सरकतात, कपाटांची दारं उघडतात, सॅलड हातातून निसटतं, पीठ उधळतं, आणि सगळं सावरता सावरता बाई स्वतःच खाली येते. ल्युसील बॉलचा हा सगळ्यात गाजलेल्या प्रसंगांपैकी एक. मी पोट धरून हसत होतो. आई मात्र पुढे सरकून बसली होती. ती पडद्यावरच्या बाईला म्हणाली, “अगं बाई, खाली ओलं फडकं तरी घाल!”

तेव्हा वाटलं, आईला विनोद कळला नाही. पुढे कधीतरी ध्यानात आलं की त्या प्रसंगावर मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा तिचं वाक्य नेमकं होतं. ओट्यावर ओलं फडकं पसरून त्यावर भांडं ठेवलं की ते सहजी सरकत नाही. आज ट्रेलर बाळगणारे लोक कपाटांत आणि ओट्यावर रबराची जाळीदार चटई अंथरतात, तीही याच कारणासाठी. म्हणजे पडद्यावर मला फजिती दिसत होती आणि आईला काम दिसत होतं, तेही नीट न केलेलं.

तिला ते दिसलं, याला कारण होतं. दोनच आठवड्यांपूर्वी आम्ही सगळे भाड्याचा ट्रेलर घेऊन चार रात्री डोंगरात राहून आलो होतो आणि त्या चारही रात्री स्वयंपाक तिने केला होता. त्या सहलीकडे शेवटी येईन. आधी एक प्रश्न मांडतो. अमेरिकेने चाकांवरच्या घराबद्दल बरंच लिहिलं आणि चित्रित केलं. त्या सगळ्यात रस्ता असतो, क्षितिज असतं, स्वातंत्र्य असतं. या कलाकृतींकडे शेगडीच्या बाजूने पाहिलं तर त्या कशा दिसतात? मला वाटतं, खऱ्या-खोट्याचा निवाडा तिथे लवकर होतो. घर सोबत नेता येतं, असं ट्रेलर सांगतो. घर म्हणजे रोजचं कोणीतरी करायचं काम, आणि ते कामही सोबत येतंच, हे ओटा सांगतो. ज्या कलाकृतीला हा ओटा दिसतो, तिचा रस्ताही मला खरा वाटतो.

* * *

चाकांवरचं स्वयंपाकघर अमेरिकेत मोटारीच्या आधीच आलं. १८६६ साली टेक्ससमधल्या चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने लष्कराची एक जुनी घोडागाडी घेतली, तिच्या मागच्या बाजूला खणांचं कपाट बसवलं आणि कपाटाचं झाकण खाली पाडलं की त्याचाच ओटा होईल अशी सोय केली. हीच ‘चक वॅगन’. गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्या गुराख्यांचा स्वयंपाक तिच्यावर होई. कडधान्य, खारवलेलं मांस, कॉफी, आणि बिडाच्या जाड भांड्यात निखाऱ्यांवर भाजलेला पाव. त्या गाडीवरचा स्वयंपाकी हा पगारी माणूस होता आणि तांड्यात त्याला मान होता. इथे चाकांवरचा स्वयंपाक उघडउघड नोकरी होती.

पुढे मौजेखातर रानात जाणारे आले. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे मित्र १९१५ ते १९२४ या काळात मोटारींतून सहली काढत. स्वतःला ते ‘व्हॅगाबाँड्स’, म्हणजे भटके, म्हणवून घेत. एका सहलीला तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही येऊन गेले. या भटक्यांसोबत स्वयंपाकाची वेगळी गाडी असे, स्वयंपाकी असे, आणि मधोमध फिरती थाळी बसवलेलं प्रचंड गोल टेबल असे. छायाचित्रांत हे चौघे झाडाखाली निवांत बसलेले दिसतात. साध्या जगण्याची हौस आणि ताटात आयतं गरम जेवण यांचा मेळ त्यांना सहज घालता आला, कारण मधला माणूस छायाचित्राच्या चौकटीबाहेर होता.

साध्या माणसाला स्वयंपाकी परवडत नव्हता. त्याने डबा घेतला. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा इथे मोटारीने फिरून तंबूत राहणाऱ्यांची जी पहिली मोठी संघटना उभी राहिली, तिचं नावच ‘टिन कॅन टुरिस्ट्स’. मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा रिकामा डबा डाखून लावायचा, ही त्यांची खूण. रस्त्यावरच्या स्वातंत्र्याचं चिन्ह म्हणून गरुड किंवा घोडा न घेता खाऊन रिकामा झालेला डबा मिरवणारे हे लोक मला फार आवडतात. आपलं स्वातंत्र्य कशावर उभं आहे, हे त्यांनी गाडीच्या नाकावरच लिहून ठेवलं होतं.

* * *

ट्रेलरच्या स्वयंपाकघराचं गणित थोडक्यात सांगायला हवं. त्याशिवाय या कलाकृतींत काय दाखवलंय आणि काय झाकलंय, ते कळणार नाही.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे ओढायची, स्वतःचं इंजिन नसलेली खोली. पुढच्या दांड्यावर बहुधा २० पौंडी प्रोपेनचे दोन सिलिंडर असतात. २० पौंड म्हणजे साधारण ९ किलो. आपल्याकडचा घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. या गॅसवर दोन किंवा तीन बर्नरची शेगडी, पाणी तापवायचा बंब, खोली उबदार ठेवायची भट्टी आणि अनेक ट्रेलरांत फ्रिजसुद्धा चालतो. गॅसच्या आचेवर गार होणारा हा जुन्या पद्धतीचा फ्रिज ट्रेलर तिरका उभा असला की रुसतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर सर्वांत आधी चाकांखाली फळ्या सारून घर सपाट करायचं.

मग पाणी. टाकी १५० लिटरची धरली, तर नुसतं पाणीच १५० किलो. पण खरी अडचण पाणी संपण्याची नसते, ते साठण्याची असते. भांडी घासलेलं पाणी खालच्या दुसऱ्या टाकीत जातं. ती भरली की मोरीतून पाणी उलटं वर येऊ लागतं, आणि ते कुठेही सोडून देता येत नाही. म्हणून जाणते लोक ताटं आधी कागदाने पुसतात, एकाच टोपात शिजवतात, आणि तेलकट काही करायचं झालं तर घडीची दोन बर्नरची शेगडी बाहेरच्या लाकडी टेबलावर मांडतात. बाहेर शिजवण्याचं आणखी एक कारण आहे. एवढ्याशा खोलीत गाद्या, पडदे आणि शेगडी यांच्यात चार पावलांचं अंतर असतं. मोहरी-हिंगाची एक फोडणी दिली तर रात्री उशीला तिचा वास येतो, आणि त्याआधी धुराची घंटा वाजते.

विजेचंही तसंच. जोडणी असलेल्या मुक्कामी बहुतेकदा ३० अँपिअरची तार मिळते. १२० व्होल्टने गुणलं तर ३६०० वॅट. वातानुकूलन सुरू असताना मायक्रोवेव्ह आणि विजेचा कुकर एकदम लावले की खटका पडतो. सरकारी जंगलातल्या मुक्कामी अनेकदा वीजही नसते, पाण्याची जोडणीही नसते. तिथे बॅटरीवर दिवे आणि पाण्याचा पंप चालतो, पण तापवणारं विजेचं उपकरण तिला फार पेलत नाही.

आणि वजन. ट्रेलरच्या एकूण भारापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर पडावा, असा दंडक आहे. जड भांडी, डबे, धान्य मागच्या कपाटात कोंबलं आणि पुढे हलकं राहिलं, तर वेग घेतल्यावर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे घेऊ लागतो. म्हणजे लोणच्याची बरणी कुठे ठेवायची, हा सुरक्षेचाही प्रश्न होतो.

* * *

हे ध्यानात घेऊन ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ पुन्हा पाहावा. क्लिंटन ट्विस यांच्या १९५१ च्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट व्हिन्सेंट मिनेली यांनी दिग्दर्शित केला. ल्युसील बॉल आणि देसी अर्नाझ ही त्या वेळी ‘आय लव्ह ल्युसी’ या दूरदर्शन मालिकेमुळे घराघरांत पोचलेली जोडी. चित्रपटात टेसी आणि निकी. निकीच्या कामामुळे सतत गाव बदलावं लागणार, म्हणून घर सोबतच घ्यावं ही कल्पना टेसीची.

चित्रपटाची पहिली गंमत अशी की रस्त्यावरच्या स्वातंत्र्याची त्याला फारशी पडलेली नाही. त्याला पडली आहे ती संसाराची. टेसी प्रत्येक मुक्कामाची आठवण म्हणून एक मोठा दगड गोळा करते आणि फळांच्या बरण्या भरून ठेवते. एरवीच्या संसारात ही कौतुकाची गोष्ट. घरात बरण्यांची ओळ आणि अंगणात दगडांची कडा, की झालं घर. पण हे घर डोंगर चढणार आहे. निकी वजनाचा हिशेब मांडतो आणि सगळं टाकून द्यायला सांगतो. ती लपवून ठेवते. मग अरुंद घाटात, एका बाजूला दरी असताना, ते दगड आणि बरण्या ट्रेलरमध्ये गडगडू लागतात. हा घाट म्हणजे कॅलिफोर्नियातला लोन पाइनजवळचा व्हिटनी पोर्टल रस्ता. त्यावरून जाताना मी आजही दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतो.

स्वयंपाकाचा प्रसंग आणि घाटाचा प्रसंग ही एकाच विचाराची दोन टोकं आहेत. पहिल्यात घरकाम गतीपुढे हरतं, दुसऱ्यात घरातल्या साठ्याने जीव धोक्यात येतो. घर जागचं हलत नाही, म्हणूनच त्यात साठा करता येतो आणि उकळत्या भांड्याकडे पाठ फिरवता येते, ही साधी गोष्ट मिनेलीला पक्की ठाऊक आहे. इथवर मी चित्रपटाच्या बाजूने आहे. ट्रेलरवरच्या अनेक गंभीर कलाकृतींपेक्षा त्याला ओटा जास्त कळतो.

पण आईचं वाक्य इथे आडवं येतं. मुक्काम येताच नवऱ्याला गरम जेवण मिळावं, यासाठी ती बाई धावत्या गाडीत उभी आहे. पुढे बसलेल्याला त्यासाठी थांबावं असं वाटत नाही. चालत्या ट्रेलरमध्ये माणसाने बसणंच धोक्याचं, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आज त्याला बंदी आहे. तो धोका चित्रपट हास्यात विरघळवतो. आपण हसतो ते तिच्या वेंधळेपणाला. वेंधळी म्हणून ती पडली, असं चित्रपट सुचवतो. खरं तर ती पडते कारण दोन माणसांच्या प्रवासात एकाच्या वाट्याला रस्ता आलाय आणि दुसऱ्याच्या वाट्याला ओटा. ल्युसील बॉलची अभिनयावरची पकड अशी की शरीराने ती हे सगळं सांगत असते. प्रत्येक हेलकाव्यानंतर ती पुन्हा भांड्याकडेच वळते. पटकथा मात्र ते ऐकत नाही.

* * *

‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे जॉन स्टाइनबेक यांचं पुस्तक १९६२ साली आलं, त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. १९६० च्या शरद ऋतूत चार्ली नावाच्या कुत्र्याला सोबत घेऊन ते देश पाहायला निघाले होते. त्यांचं वाहन ट्रेलर नव्हतं. ट्रकच्या पाठीवर बसवलेली खोली होती, पण आतली मांडणी तीच. पलंग, चार बर्नरची शेगडी, फ्रिज, ब्यूटेनवर चालणारे दिवे. डॉन किहोतेच्या घोड्यावरून तिचं नाव ठेवलं रोसिनांते.

या खोलीत शिजतं काय? आठवायला गेलं तर कॉफी आठवते आणि मद्याचे प्याले आठवतात. मेन राज्यात बटाटे काढायला आलेल्या फ्रेंच-कॅनेडियन मजुरांच्या कुटुंबाला ते आपल्या खोलीत बोलावतात आणि पाहुणचार करतात. पुस्तकातल्या उत्तम प्रसंगांपैकी हा एक. पुढे वाळवंटात दोन कायोटी दिसतात, रानकुत्र्यांसारखे. ते बंदूक रोखतात, चालवत नाहीत, आणि कुत्र्याच्या खाण्याचे दोन डबे उघडून त्यांच्यासाठी नैवेद्यासारखे ठेवून जातात. कपडे धुण्याची युक्तीही बहारदार आहे. लवचीक दोरीने टांगलेल्या झाकणाच्या बादलीत पाणी, साबण आणि कपडे घालायचे. दिवसभर रस्त्याच्या हेलकाव्यांनी ते आपोआप धुतले जातात.

जी गती टेसीचा स्वयंपाक उधळून लावते, तीच स्टाइनबेक यांचे कपडे धुऊन देते. चाकांवरच्या घराची दोन स्वप्नं एवढी जवळजवळ ठेवलेली दुसरीकडे सापडणार नाहीत. एकटा पुरुष प्रवासाला निघतो तेव्हा घरकाम ही एक गमतीदार शोधयात्रा होते, कारण ते त्याच्या मागे रोज लागलेलं नसतं. पाहुण्याला कॉफी देणं आणि घरच्या पाचजणांना तीन वेळा जेवू घालणं, यात फरक आहे. पुस्तकात पहिल्याला जागा आहे, दुसऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पुढे बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने २०१० साली तोच मार्ग धरला आणि कागदपत्रांशी ताडून दाखवलं की स्टाइनबेक यांच्या कित्येक रात्री हॉटेलांत गेल्या होत्या, आणि पत्नी इलेनही बराच काळ सोबत होती. यावरून पुस्तकाला खोटं ठरवण्याची घाई मला नाही. आजारातून उठलेल्या, साठीला टेकलेल्या माणसाने हॉटेलात गरम पाण्याने अंघोळ केली म्हणून काही बिघडत नाही. पण मला त्यात शेगडीची गोष्ट दिसते. चार बर्नरची ती शेगडी पुस्तकात ऐटीत उभी आहे. तिच्यावर रोज रांधण्याचा कंटाळा, थंडीत पहाटे भांडी घासण्याचा त्रास कुठे उमटत नाही, आणि मग वाचणाऱ्याला एकटेपणही किंचित सजवलेलं वाटू लागतं. देशभरचं हॉटेलातलं अन्न स्वच्छ पण बेचव झालंय, अशी तक्रार ते करतात. ती अगदी रास्त आहे. मात्र चवीचं अन्न करण्याचा भार कोणी उचलायचा, हे ते विचारत नाहीत.

* * *

तिसरी कलाकृती ‘नोमॅडलँड’. जेसिका ब्रुडर यांचं पुस्तक २०१७ चं आणि त्यावरचा क्लोई झाओ यांचा चित्रपट २०२० चा. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. इथे सहल संपलेली आहे. २००८ च्या मंदीनंतर घरभाडं परवडेना म्हणून उतारवयात व्हॅनमध्ये, ट्रेलरमध्ये राहायला आलेली ही माणसं. हंगामी कामं करत ती गावोगाव फिरतात. पुस्तकातल्या मुख्य व्यक्ती लिंडा मे यांचा ट्रेलर जेमतेम दहा फुटांचा, १९७४ सालचा. टेसीच्या ट्रेलरमध्ये तसे तीन मावले असते.

चित्रपटातली फर्न ही काल्पनिक स्त्री व्हॅनमध्ये राहते. नवऱ्याची मासेमारीची जुनी पेटी तिने आत अशी बसवली आहे की उघडली की तिचं झाकण ओट्यासारखं वापरता येतं. फ्रान्सिस मॅकडॉर्मंड ती पेटी मैत्रिणीला दाखवते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर गृहिणीचा अभिमान आहे. चार्ल्स गुडनाइटच्या गाडीपासून दीडशे वर्षांनी पुन्हा तेच, झाकण पाडलं की ओटा. फक्त गुडनाइटच्या स्वयंपाक्याला पगार होता.

फर्नजवळ वडिलांनी दिलेल्या काही जुन्या बशा आहेत. डेव्ह नावाचा तिचा मित्र मदत करायला जातो आणि त्याच्या हातून त्या फुटतात. फर्न संतापते, आणि मग तुकडे जोडत बसते. चालत्या घरात चिनी मातीच्या बशा ठेवणं हा व्यवहारदृष्ट्या मूर्खपणा आहे. शहाणा माणूस प्लॅस्टिक किंवा इनॅमल घेईल. पण टेसीचे दगड आणि फर्नच्या बशा एकाच जातीच्या वस्तू आहेत. जे हलवू नये ते सोबत ठेवण्याचा हट्ट. पहिल्या चित्रपटाने त्याला हसून दरीत ढकललं, दुसऱ्याने गोंद आणला. माझ्या मते सहासष्ट वर्षांत झालेला हा खरा बदल आहे.

आणखी एक गोष्ट ‘नोमॅडलँड’ न बोलता दाखवतो. साउथ डकोटातल्या वॉल ड्रग या प्रसिद्ध थांब्यावर फर्न काम करते, तेही उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात. हजारो पर्यटक तिथे जेवायला थांबतात. जिच्याकडे स्वतःचा ओटा म्हणून एका पेटीचं झाकण उरलंय, ती दुसऱ्यांच्या सहलीचा ओटा पुसते. फोर्ड आणि एडिसन यांच्या छायाचित्रात जो माणूस चौकटीबाहेर होता, तो इथे चौकटीच्या मधोमध आला आहे.

तक्रार आहे ती वेगळी. चित्रपटाला संधिप्रकाशाचा मोह आहे. जेवणाचा प्रश्न आला की तो शेकोटीपाशी जातो, माणसं एकमेकांत खाणं वाटून घेतात, आणि कॅमेरा डोंगरांकडे वळतो. ब्रुडर यांचं पुस्तक जास्त रोकडं आहे. कामाचे तास, दुखणारी मनगटं, पेट्रोलचा खर्च हे सगळं त्यात जागच्या जागी मिळतं. गोदामातली बारा तासांची पाळी संपवून आल्यावर माणूस टोपात काय शिजवतो, हे पडद्यावर आणखी थोडा वेळ पाहायला मला आवडलं असतं. तो कंटाळवाणा दहा मिनिटांचा प्रसंग असता, तर ती संध्याकाळही वेगळी दिसली असती.

* * *

आता आमची सहल. मॅमथ लेक्सच्या परिसरात, साधारण २४०० मीटर उंचीवर, वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या जागी आम्ही सहाजण राहिलो. मी, बायको, दोन मुलं आणि आई-बाबा. वजनाची माहिती मी आवडीने वाचली होती. निघताना मी सामान तपासलं आणि आईने बांधून ठेवलेला कुकर बाहेर काढला. तीन किलोंची ब्याद, एवढ्याशा जागेत कशाला, असं म्हणून. माझी दुर्बीण आणि तिची तिवई मात्र राहिली.

२४०० मीटरवर पाणी साधारण ९२ अंशांवरच उकळतं. भांडं खदखदतं, पण डाळ शिजत नाही. पहिल्या रात्री तूरडाळ दीड तास उकळत होती आणि दाणा तसाच. बाहेर आम्ही तारे बघत होतो. शेवटी आईने त्याचं पातळ कढण केलं आणि वर भात दिला. दुसऱ्या दिवसापासून तिने आपली पद्धत बसवली. डाळ सकाळीच भिजत घालायची, तुरीऐवजी मूग, दुपारी थालीपिठं, फोडणी बाहेरच्या शेगडीवर, ताटं आधी कागदाने पुसायची. कोणी न शिकवता दोन दिवसांत तिने ट्रेलरचं सगळं गणित सोडवलं. मी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. ती चारही दिवस दहा मिनिटांवरच्या तळ्याकडे आली नाही, हे मला घरी परतल्यावर बाबांकडून कळलं.

चित्रपट संपल्यावर मी तिला विचारलं, “तू तळं बघायला का नाही आलीस?”

“डाळ भिजत घातली होती रे. आणि मी खिडकीतून बघत होते की.”

मोरीवरच्या त्या खिडकीतून तळं दिसत नव्हतं. शेजारचा ट्रेलर दिसत होता. तिथला म्हातारा रोज बाहेर बसून बिडाच्या तव्यावर काहीबाही भाजायचा आणि त्याची बायको खुर्चीत बसून वाचायची. आईला तो तवा ओळखीचा वाटला. ती थालीपीठ घेऊन गेली, त्याने डबाबंद पीचचा वाडगा दिला. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. तवा कसा पुसायचा, धुवायचा की नाही, तेल कधी लावायचं, याबद्दल त्यांचं अर्धा तास खुणांनी बोलणं झालं. आमच्यापैकी कोणाचीही त्या मुक्कामी अनोळखी माणसाशी एवढी ओळख झाली नाही.

म्हणून ओट्याकडे नुसतं अन्यायाची जागा म्हणून पाहणंही मला अपुरं वाटतं. स्टाइनबेक यांना मजुरांच्या कुटुंबाशी जोडणारा पाहुणचार, फर्नची बशी, आईचं थालीपीठ या खऱ्या गोष्टी आहेत. परक्या जागी माणूस माणसाला भेटतो तो बहुतेकदा भांड्याच्या आसपासच. पण त्या भेटीचं गोड वर्णन करून तळं विसरता येत नाही. तळं तिने पाहिलं नाही ते नाहीच.

आपल्याकडे प्रवासात स्वयंपाकघर न नेण्याची रीत होती. शिदोरी न्यायची. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोन-तीन दिवस टिकेल असं. मला बरीच वर्षं वाटायचं की ही रीत अमेरिकन ट्रेलरपेक्षा शहाणी, वाटेत कोणाला रांधायला लागत नाही. मग आठवलं की आमची यष्टी सकाळी सहाची असायची आणि दशम्यांचा वास पहाटे साडेतीनला यायचा. शिदोरीने काम नाहीसं केलं नव्हतं. ते आमच्या झोपेच्या वेळेत सरकवलं होतं, एवढंच.

मिनेलीचा चित्रपट मी अजूनही वर्षातून एकदा पाहतो, हसतोही. आईने मात्र त्या दिवशी तो शेवटपर्यंत पाहून झाल्यावर आपला निकाल दिला. “बाई कामसू आहे, पण नवऱ्याला गाडी थांबवता येत नाही.” आणि उठता उठता मला म्हणाली, “पुढच्या खेपेला कुकर घे. आणि डाळ तू लाव.”